फोरबर्गला परीक्षक राहतात

हॉलंडला जाऊन आलात म्हणजे ट्यूलिपच्या बागा पाहिल्या असतील, असं मला कराडात निदान वीस जणांनी विचारलं. नाही पाहिल्या. आम्ही तिथे नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारी लागेपर्यंत होतो. तेव्हा ट्यूलिप जमिनीखाली कांद्याच्या रूपात होते आणि जमिनीवर जे काही पाहण्यासारखं होतं त्याला करोनाने कुलूप घातलेलं होतं. संग्रहालयं बंद, हॉटेलं बंद, संध्याकाळी पाच वाजले की बाजारही बंद. अडीच महिन्यांत मी नीट पाहिले ते एक सत्त्याऐंशी वर्षांचे रुमानियन गृहस्थ. आता लिहायला बसलोय तेही त्यांच्याबद्दलच. ट्यूलिपवाल्यांनी इथूनच रजा घेतली तरी माझा राग नाही.

नीउ-व्हेनेप

आमची मुलगी गौरी आणि जावई निखिल नीउ-व्हेनेपला राहतात. विमानतळापासून जवळ, एकसारख्या घरांच्या रांगा, प्रत्येक घरापुढे माणशी एक सायकल. तिथे सायकलला फीट्स म्हणतात आणि तिची काळजी आपल्याकडे बैलाची घेतात तशी घेतात. हे गाव समुद्राच्या पातळीच्या चारेक मीटर खाली आहे. पूर्वी तिथे तळं होतं, ते उपसून जमीन केली. हे कळल्यावर पहिले आठ दिवस मी रोज सकाळी कालव्याच्या कडेला जाऊन पाणी किती आहे ते बघून येत असे. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की अहो, पंप चालू ठेवायला त्यांनी माणसं नेमली असतील. तिने बँकेत उभा जन्म काढला, त्यामुळे तिचा व्यवस्थेवर विश्वास आहे. मी इंजिनिअरिंग कॉलेजात चौतीस वर्षं मेकॅनिक्स शिकवलं, त्यामुळे माझा नाही.

नात सई सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. मी मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये सांगायचं आणि दोघांनीही समजल्यासारखा चेहरा करायचा, असा आमचा दुसऱ्याच दिवशी समझोता झाला.

एके दिवशी जेवताना बोलण्यात माझ्या पीएच.डी.चा विषय निघाला. माझा प्रबंध होता पातळ पत्र्यांच्या कंपनांवर. आमचे गाईड जोगळेकर सर परदेशी प्राध्यापकांना पोस्टकार्डं पाठवून त्यांच्या शोधनिबंधांच्या प्रती मागवत. त्या काळी तशी पद्धतच होती. त्यातून त्यांची यासी नावाच्या रुमानियन शहरातल्या प्रा. वालेरियू दुंब्रावा यांच्याशी ओळख झाली आणि माझ्या प्रबंधाचे परदेशी परीक्षक म्हणून विद्यापीठाने त्यांनाच नेमलं. त्यांचा अहवाल यायला चौदा महिने लागले. तोवर माझं लग्न झालं, सासऱ्यांनी पत्रिकेत घाईने ‘डॉ.’ छापलंही, आणि मी रोज पोस्टमनकडे चोरासारखा बघत होतो. शेवटी दोन पानी अहवाल आला. शाई फिकी, टाइप वाकडा, पण स्तुती अशी की ती जोगळेकर सरांनी विभागात मोठ्याने वाचून दाखवली.

हे मी सांगतोय तोवर गौरीने फोनवर शोधायला सुरुवात केली होती. “बाबा, तुमचे परीक्षक आहेत अजून. आणि कुठे राहतात माहितीये? फोरबर्गला. ट्रेनने पाऊण तास.”

माझा घास तोंडातच राहिला. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि वरणाचं भांडं उगाचच पुढे सरकवलं. कारण तिला एकटीला एक गोष्ट माहीत होती. त्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण चुकलेलं आहे.

पदवी मिळून बारा वर्षं झाल्यावर वर्गात शिकवताना ते माझ्या लक्षात आलं. मुलं वहीत उतरवून घेत होती आणि मी खडू हातात धरून फळ्याकडे बघत उभा राहिलो. पत्रा चारी बाजूंनी मोकळा असला की त्याच्या कडांचा हिशेब करावा लागतो, तसा कोपऱ्यांचाही वेगळा करावा लागतो. सतरंजी पिळवटली की कोपरे उचलतात, तसं काहीसं. मी कडांचा हिशेब चोख केला होता. कोपरे विसरलो होतो. पाचव्या प्रकरणातले सगळे आकडे त्यामुळे थोडेथोडे चुकले होते. कुणी पकडलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. जोगळेकर सर गेले. मी डॉक्टर म्हणून प्राध्यापक झालो, विभागप्रमुख झालो, डॉक्टर म्हणून निवृत्त झालो. घराच्या दारावरची ‘डॉ.’ची पाटी मी कधी स्वतः पुसली नाही, ते काम सुनंदा करते.

आता ज्याची फसवणूक केली तो माणूस पाऊण तासावर होता. मी ठरवलं की जायचं आणि सांगायचं.

फोरबर्ग, पहिली भेट

गौरीने प्राध्यापकांच्या मुलीला, आन्काला, इंटरनेटवर गाठलं आणि तिच्याकडून पत्ता घेऊन मी त्यांना ई-मेल लिहिली. आन्का नायमेखनला सेमीकंडक्टरच्या संशोधनात आहे. दुसऱ्या दिवशी थेट प्राध्यापकांचीच चार ओळींची ई-मेल आली. पत्र्यांवरचा प्रबंध आठवतो. मंगळवारी दहाला या. दोघे या. उशीर करू नका.

लायडनला गाडी बदलून, मास्कच्या आत चष्म्यावर वाफ धरत आम्ही पावणेदहालाच त्यांच्या दारात पोचलो आणि दहा वाजेपर्यंत समोरच्या कालव्याच्या कडेने फेऱ्या मारल्या. बरोबर दहाला घंटी वाजवली. उंच, किंचित वाकलेले, घरातही कोट आणि टाय घातलेले गृहस्थ दार उघडून दीड मीटर मागे सरकले. सुनंदाला पाहून ते म्हणाले, “सारुत मना, मादाम.” म्हणजे मी आपल्या हाताचं चुंबन घेतो. त्यांच्याकडे थोरामोठ्या बायकांना असाच नमस्कार करतात. फक्त करोनामुळे चुंबन हवेत राहिलं. सुनंदाने हात जोडले. त्यांनी ते निरखून पाहिलं आणि म्हणाले की तुमची पद्धत जास्त आरोग्यदायी दिसते.

खोली लहान, तळमजल्यावरची, रस्त्याकडे भली मोठी काच. डच लोक पडदे लावत नाहीत, त्यामुळे येणारे-जाणारे आम्हाला बघत होते आणि आम्ही त्यांना. टेबलावर हिरवं कापड. त्यावर कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या उलट्या मांडलेल्या. मला वाटलं पत्ते खेळत असतील.

“एक उचला, डॉक्टर सरनाईक,” ते म्हणाले.

रुमानियात तोंडी परीक्षा अशी असते. विद्यार्थी आत येतो, हिरव्या टेबलावरची एक चिठ्ठी उचलतो आणि तिच्यावर जो प्रश्न असेल तो फळ्यावर सोडवतो. गुण दहापैकी, पाचाला पास. प्राध्यापक तो आकडा मुलाच्या छोट्या वहीत स्वतः लिहून सही करतात. पन्नास वर्षं त्यांनी अशा परीक्षा घेतल्या आणि चिठ्ठ्या फोरबर्गला येताना सामानात घालून आणल्या. घरी येणाऱ्या प्रत्येकाने एक उचलायची. शेजारच्या डच आजीबाई, गॅसचा मीटर बघायला आलेला माणूस, त्यांचा हाउसआर्ट्स म्हणजे घरचा डॉक्टर, सगळ्यांनी परीक्षा दिलेली होती. हाउसआर्ट्स नापास आहे असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं.

मी उचललेल्या चिठ्ठीवर भिंतीला टेकलेली शिडी निघाली. शिडीवर माणूस चढतोय, ती कधी घसरेल. हा प्रश्न मी हजारो पोरांना घातलाय. पण त्यांनी मागे हात बांधून बघायला सुरुवात केली आणि माझं चुकायला लागलं. भिंतीचं घर्षण वर दाखवायचं ते मी खाली दाखवलं, मग खोडलं, मग पुन्हा खालीच दाखवलं. त्यांनी मला सहा दिले.

मग सुनंदाची पाळी. तिने नको नको म्हणत उचलली. त्यांनी वाचून दाखवलं, खांबाला दोराचे वेढे दिले की लहान माणूस मोठी बोट कशी धरून ठेवतो. सुनंदाने क्षणभर विचार केला. मग तिने माहेरी मोठ्या डेऱ्यात ताक घुसळताना रवीला दोरीचा एकच वेढा दिला तर दोरी कशी नुसती घसरते, दोन दिले की कशी पकडते आणि तीन दिले तर हातच कसे भरून येतात, हे तिच्या बँकेच्या इंग्रजीत हातवारे करून सांगितलं. म्हातारे खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी रवीचं चित्र काढून घेतलं, वेढे मोजले आणि दहा लिहून खाली सही केली. परतीच्या गाडीत मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतो.

त्या दिवशी त्यांनी जेवायला घातलं. झाकुस्का म्हणून वांगी आणि लाल मिरच्या भाजून केलेला एक प्रकार. सुनंदा म्हणाली हे तर भरीत, फक्त शेंगदाण्याचं कूट राहिलं. सोबत मामालिगा, म्हणजे मक्याच्या घट्ट कण्या, दोऱ्याने कापून वाढलेल्या. खाता खाता त्यांनी आयुष्य सांगितलं, पण फार घाईने, दुसऱ्या कुणाचं सांगितल्यासारखं. वडील पाणचक्कीवर दळायला. चाक का फिरतं हे कळावं म्हणून मुलगा शाळेत गेला आणि परत आलाच नाही. यासीला शिक्षण, तिथेच प्राध्यापकी, कवचांच्या, म्हणजे वाकवलेल्या पातळ पत्र्यांच्या, स्थैर्यावर संशोधन. मधली सहा वर्षं एका कारखान्यात लेथवरच्या कामगारांना संध्याकाळी गणित शिकवलं. ते का, असं मी विचारलं तर म्हणाले की तेव्हा हवा तशी होती. मग टाइपरायटरबद्दल सांगितलं. त्यांच्या राज्यात टाइपरायटरची पोलिसांत नोंद करावी लागे. दरवर्षी तो उचलून चौकीत न्यायचा आणि अक्षरांचा नमुना द्यायचा. माझा अहवाल त्याच यंत्रावर टाइप केलेला होता.

अहवालाचं नाव निघताच सुनंदाने माझा पाय दाबला. तिने बोला म्हणून दाबला की गप्प बसा म्हणून, ते मला कळलं नाही. मी आणखी थोडी मामालिगा वाढून घेतली.

जेवणानंतर ते आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आले. स्टेशनाला लागूनच पाण्याच्या चौकोनात उभं असलेलं एक जुनं घर आहे. लंबकाचं घड्याळ करणारा शास्त्रज्ञ कधीकाळी तिथे राहत होता. आता संग्रहालय आहे. आम्ही पाण्यापलीकडून बघितलं. मुलीने इथे घर शोधलं तेव्हा माझी एवढी एकच अट होती, ते म्हणाले, की लंबकाच्या शेजारी राहीन.

नाताळ झाल्यावर

डिसेंबरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली. घरात दिवसाला दोनच पाहुणे, असा सरकारी नियम. आपल्याकडे असा नियम निघाला असता तर पाहुण्यांनी आपण पाहुणे नाहीच म्हणून सांगितलं असतं. प्राध्यापकांनी मात्र फोनवर आधीच बजावलं, तुम्ही दोघे या, म्हणजे त्या दिवसाचे दोन झाले.

आम्ही गेलो. सुनंदाने बेसनाचे लाडू नेले होते, त्यांनी अक्रोड घातलेला गोड पाव कापला. तासभर झाला असेल तोच काचेबाहेर आन्का दिसली. नायमेखनहून न सांगता आठवड्याचं सामान घेऊन आली होती. आता घरात तिसरा पाहुणा झाला असता. म्हातारबुवा उठून उभे राहिले आणि काय करावं ते कळेना. स्वतःची मुलगी दारात, आणि नियम म्हणजे नियम. शेवटी मीच कोट चढवून बाहेर गेलो, म्हणजे एका वेळी तरी आत दोनच पाहुणे. आन्का म्हणाली की मला आत जायची घाई नाही, थोडं बोलू. आम्ही फुटपाथवर दीड मीटर अंतर ठेवून उभे राहिलो. आत काचेपलीकडे सुनंदा लाडू कसा वळतात ते रिकाम्या मुठीने दाखवत होती.

“तुमची ई-मेल आल्यापासून बाबा नीट झोपत नाहीत,” आन्का म्हणाली. मला वाटलं आनंदाने असेल. ती म्हणाली तिलाही नीट कळत नाही. मग तिने मला ती कारखान्यातली सहा वर्षं सांगितली. पक्षाच्या जिल्हा सेक्रेटरीचा मुलगा बाबांच्या परीक्षेला बसला होता. चिठ्ठी उचलली, काही येईना. बाबांनी चार दिले. पाच दिले असते तर प्रश्नच नव्हता. वरून निरोप आले, मित्र येऊन गेले, आईसुद्धा एकदा म्हणाली की एकच तर गुण. बाबांनी चाराचे पाच केले नाहीत. महिन्याभरात विद्यापीठातून काढून कारखान्यात पाठवलं. घर गेलं, मोठं काम अर्धवट राहिलं. पुढे परत घेतलं तोवर त्यांच्या मागची माणसं पुढे गेली होती.

“आई करोनाच्या पहिल्या लाटेत गेली. इस्पितळात कुणाला जाऊ दिलं नाही. त्यांच्याकडे आता एकच गोष्ट उरलीय,” आन्का म्हणाली. “आपण कधी खोटी सही केली नाही, ही.”

तिने सामान उचललं. मी दारातून सुनंदाला खूण केली, ती बाहेर आली, आन्का आत गेली. परत येताना लायडनच्या फलाटावर गार वाऱ्यात उभं राहून मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आता काही बोलू नका. तुमचं मन हलकं करायला त्या माणसाची आयुष्याची कमाई घालवू नका. मी म्हटलं बरोबर आहे. आणि ते बरोबर होतं. पण प्राध्यापक मला दर दोन वाक्यांमागे डॉक्टर म्हणत, आणि प्रत्येक वेळी मला पाचवं प्रकरण आठवे. इतक्या प्रेमाने वागवणाऱ्या माणसाशी खोटं वागणं कठीण असतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

जानेवारीचा शेवट

निघायला सात दिवस उरले तेव्हा मी एकटाच गेलो, निरोप घ्यायला. न सांगण्याचं पक्कं ठरवून गेलो होतो. खिशात संक्रांतीचा तिळगूळ होता. तिळगूळ घ्या आणि गोड बोला, असं आम्ही म्हणतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. गोड का बोलायचं, त्यांनी विचारलं. म्हटलं, वर्षभरात काही वाकडं झालं असेल तर ते मिटावं म्हणून. पुढचं मी बोललो म्हणण्यापेक्षा तोंडातून बाहेर पडलं.

“सर, माझ्या प्रबंधात चूक आहे. मला माहीत आहे, आज कित्येक वर्षं. पाचव्या प्रकरणात—”

त्यांनी हात वर केला. पोलिसासारखा, पंजा माझ्याकडे. मी थांबलो. ते उठले, चहाचं आधण बंद करून आले आणि समोर बसले. तिळगुळाची वडी त्यांच्या हातातच होती.

“पाचवं,” ते म्हणाले. “मी ते वाचलेलं नाही.”

मला आधी वाटलं वयामुळे गोंधळ होतोय. पण गोंधळ नव्हता. शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात त्यांच्या घरात तापमान दहा अंशांवर असे, वीज दिवसातून काही तास. हातमोजे घालून, पांघरुणात बसून त्यांनी चार प्रकरणं वाचली, प्रत्येक समीकरण तपासून. मग परदेशी अहवाल पाठवायची परवानगी आली. अर्ज करून वर्ष झालं होतं आणि परवानगी होती एका आठवड्याची. त्याच आठवड्यात त्यांची बायको इलेआना शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात. ते सहा दिवस तिच्या खाटेपाशी बसले. सातव्या दिवशी घरी जाऊन अहवाल टाइप केला आणि पाचही प्रकरणं तपासल्याचं लिहून सही केली. आठवडा गेला असता तर पुन्हा अर्ज, पुन्हा वर्ष.

“चार प्रकरणांत तुम्ही एकदाही काही लपवलं नव्हतं. जिथे येत नव्हतं तिथे येत नाही असं लिहिलं होतं. म्हणून मी विश्वास ठेवला. पण परीक्षकाचं काम विश्वास ठेवणं नाही. सेक्रेटरीच्या मुलाला मी चार दिले, आणि स्वतः न वाचता सही केली. तुमची मेल आली तेव्हा वाटलं, हा माणूस विचारायला येतोय.”

म्हणजे दोन महिने आम्ही दोघे एकाच प्रकरणाला घाबरून एकमेकांना भरीत आणि लाडू भरवत होतो. मला हसू आलं. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू गेलं. त्यांचे डोळे भरले होते.

“पश्चात्ताप करायचा खूप प्रयत्न केला,” ते म्हणाले. “पण ते सहा दिवस मी तिच्याजवळ होतो. दोन वर्षांपूर्वी मला एक मिनिटही जाऊ दिलं नाही. ते सहा दिवस परत दे म्हटलं तर मी देणार नाही, डॉक्टर.”

मी खुर्ची सरकवून, दीड मीटरचा नियम मोडून त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी वडी तोंडात टाकली. मग म्हणाले, “पाचवं प्रकरण मला आणून द्या. चूक कुठे आहे ते सांगायचं नाही.”

प्रबंध कराडला, कपाटात. किल्ली शेजारच्या इनामदार वहिनींकडे. मी फोन केला तेव्हा त्यांच्याकडे रात्रीचं जेवण चाललं होतं, तरी बिचाऱ्या उठल्या आणि मोबाइलवर एकतीस पानांचे फोटो काढून पाठवले. निम्म्या पानांवर त्यांचा अंगठा आलाय आणि एकावर आमटीचा थेंब. निखिलने ती पानं मोठ्या अक्षरांत छापून दिली. दुसऱ्या दिवशी जाऊन मी गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि चहाही न घेता परतलो.

मग मात्र मला घोर लागला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. करोनामुळे इस्पितळं भरलेली, म्हणून शस्त्रक्रिया दोनदा पुढे गेली होती. ते भिंग लावून वाचत. चौथ्या दिवशी आन्काचा फोन आला, बाबा टेबलावरून उठत नाहीत, जेवत नाहीत, मला फोनवर बोलू देत नाहीत, काय दिलंय तुम्ही त्यांना. मी तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, “मग चूक सापडली नाही तर?” मी इतकी वर्षं ती चूक लपून राहावी अशी इच्छा केली होती. आता ती सापडावी म्हणून मी गौरीच्या देवघरापुढे दोनदा जाऊन उभा राहिलो. सुनंदाने पाहिलं आणि समई लावली.

पाचवा दिवस गेला. सहावाही गेला. नाकात काडी घालून आमची तपासणी झाली, करोना नाही असा कागद आला, बॅगा भरल्या. सईने निरोपाला एक चित्र काढून दिलं, त्यात मी कालव्यात डोकावत होतो.

निघायचा दिवस

विमानतळावर सामान देऊन आम्ही तपासणीच्या रांगेत लागलो. गौरी पलीकडून हात हलवत होती, डोळे पुसत होती. माझा फोन वाजला. मास्क खाली केला आणि फोन कानाला लावला.

“डॉक्टर सरनाईक. पंधराव्या समीकरणापर्यंत सगळं ठीक आहे. त्याच्यापुढे कोपरे राहिले.”

मी डोळे मिटले. रांग पुढे सरकली, मागचा माणूस इंग्रजीत काहीतरी म्हणाला, सुनंदाने बॅग ढकलली.

“मी चार दिवस कडाच तपासत बसलो होतो,” ते म्हणाले. “कोपरे मीही विसरलो होतो. आज सकाळी दाढी करताना आठवले. त्यानंतर दुरुस्त करून पाहिलं. आकडे हलतात. तुमचा निष्कर्ष हलत नाही.” त्यांचा आवाज दमलेला होता, पण शिडीच्या वेळी मला सहा देताना होता तसाच करडा. “अहवाल कराडच्या पत्त्यावर पाठवतो. जुनाच मजकूर, आणि पाचव्या प्रकरणाची दुरुस्ती. या खेपेला सगळं वाचलंय. आता मी सही करतो. तुमची हरकत नसेल तर.”

मी मान हलवली. पुन्हा हलवली. पलीकडे ते वाट बघत होते. सुनंदाने माझा दंड धरला.

“अहो, त्यांना दिसत नाहीये,” ती म्हणाली. “तोंडाने हो म्हणा.”

मी हो म्हणालो.